साडेतीन हजार डॉलरमध्ये टिकाऊ झिरो-टर्न घ्यायचा तर आधी सीटखाली वाका

आमचं घर नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीपासून पाऊण तासावर, चॅटम काउंटीत आहे. जागा दीड एकर. घर, ड्राइव्हवे आणि मागची झाडी वगळली तर कापायचं गवत सव्वा एकर, म्हणजे आमच्या आटपाडीच्या हिशेबात पन्नास गुंठे. गावाकडे पन्नास गुंठ्यांत ज्वारी येते. इथे फेस्क्यू नावाचं गवत येतं, आणि ते खायला दावणीला कुणी नसल्यामुळे मार्चपासून दर आठवड्याला यंत्रावर बसून कापावं लागतं. नवऱ्याला गवताच्या परागकणांची ॲलर्जी आहे, म्हणून हे खातं पहिल्यापासून माझ्याकडे.

पहिला झिरो-टर्न, म्हणजे बसून चालवायचा आणि जागच्या जागी वळणारा मोअर (गवत कापायचं यंत्र), मी एका मोठ्या दुकानातून घेतला. बाहेर रांगेत उभे होते, त्यातला सगळ्यात रुबाबदार निवडला. २४ हॉर्सपॉवर, ५० इंचांचा डेक (पोटाखालची पात्यांची पेटी), उंच पाठीची सीट, कप ठेवायला जागा. चौथ्या उन्हाळ्यात उजवीकडचं चाक चढावर ओढेना. मेकॅनिकने सांगितलं, हायड्रो, म्हणजे तेलाच्या दाबावर चाक फिरवणारा भाग, गेला, बदलायला जे पैसे लागतील त्यात थोडी भर घालून दुसरा जुना मोअर येईल. वाईट एवढंच वाटलं, की मी आटपाडीच्या शेतकऱ्याची मुलगी, आणि बैल घेतला तो शिंगांचा रंग बघून.

तुलना उगाच करत नाही. औत वळवताना आतला बैल थांबवतात आणि बाहेरचा चालवतात. झिरो-टर्न अगदी तसाच वळतो. मागच्या दोन चाकांना दोन वेगळे हायड्रो, प्रत्येकाचा दांडा वेगळा. त्याला लॅप बार म्हणतात. डावा दांडा पुढे ढकलला की डावं चाक पळतं, मागे ओढला की उलटं फिरतं. पुढची दोन छोटी चाकं नुसती खुर्चीच्या चाकांसारखी भिरभिरतात; त्यांना ना ओढ, ना दिशा. म्हणजे या यंत्राचं चालणं, वळणं आणि थांबणं, तिन्ही त्या दोन हायड्रोंवर. साध्या ट्रॅक्टर-मोअरमध्ये स्टिअरिंग निराळं असतं. इथे जोडीतला एक बसला की सगळं औतच बसलं.

म्हणून दुकानात गेलात की इंजिनाचा स्टिकर वाचण्याआधी सीट उचला, मागून वाका आणि चाकांच्या आतल्या बाजूचे ते दोन ॲल्युमिनियमचे गड्डे बघा. बऱ्याच मोअरवर ते हायड्रो-गिअर या इलिनॉयमधल्या कंपनीचे असतात आणि त्यांवर मॉडेल लिहिलेलं असतं. ईझेडटी म्हणजे सगळ्यात हलका, घरगुती. त्याला बदलता येईल असा फिल्टर नाही, आणि कंपनीच्या हिशेबाने त्यातलं तेलही बदलायचं नाही. सपाट अर्धा-पाऊण एकर असेल तर तो बिचारा खूप वर्षं चालतो. पण आमच्यासारखी लाल चिकणमाती, चढ-उतार आणि जुलैतलं ऊन असेल तर त्याचं तेल तापतं, पातळ होतं आणि आतले भाग झिजतात. त्याच्या वरचे झेडटी-२८००, ३१००, ३४००. यांचा फिल्टर बदलता येतो, तेल बदलता येतं. २०डब्ल्यू-५० हे साधं इंजिन ऑइलच त्यात चालतं. पहिल्यांदा ७५ ते १०० तासांनी आणि मग दर ४०० तासांनी. आठवड्याला तासभर गवत कापणाऱ्याला ४०० तास म्हणजे दहा-बारा वर्षं! माझं मत सरळ आहे: नवा घेणार असाल आणि जमिनीला चढ असेल, तर झेडटी-२८०० च्या खाली जाऊ नका, त्यासाठी डेक लहान घ्यावा लागला तरी.

आणि डेक लहान चालतो, याचा हिशेब मी कागदावर मांडला होता. ४२ इंचांचा डेक ताशी ५ मैलांनी चालवला तर गणिताने तासाला २.१ एकर होतात. वळणं, झाडांचे आळे, एकावर एक येणारे पट्टे धरून वीस टक्के वजा करा, उरले १.७. माझे पन्नास गुंठे पाऊण तासात. ५४ इंचांनी तेच काम पस्तीस मिनिटांत होतं. त्या दहा मिनिटांसाठी पाचशे-सातशे डॉलर जास्त मोजायचे? शिवाय जमीन उंचसखल असेल तर रुंद डेक उंचवटा सोलून काढतो, आणि चार फुटांच्या फाटकातून तो आतही जात नाही. आधी फाटक मोजा. गवत फेकायचं तोंड बाजूला येतं, तेही धरून मोजा.

डेकमध्ये दोन जाती. एक पत्रा दाबून साच्यात काढलेला, दुसरा जाड पत्रा कापून, वेल्ड करून बांधलेला. जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे आकडा उलटा चालतो: १३ गेज पातळ, ११ त्याहून जाड, १० आणखी जाड, ७ म्हणजे साडेचार मिलिमीटर, धंदेवाईकांचा. साडेतीन हजारांत १० किंवा ११ गेजचा वेल्ड केलेला डेक मिळू शकतो. दाबून काढलेला वाईटच असतो असं नाही, आतून गुळगुळीत असल्यामुळे त्याला ओलं गवत कमी चिकटतं. पण झाडांची मुळं आणि दगड असतील तर मी जाड पत्र्याच्याच बाजूने. त्याहून महत्त्वाचे स्पिंडल, म्हणजे पाती ज्या आसांवर फिरतात ते. त्यांना ग्रीस भरायचा निप्पल आहे का बघा. स्पिंडल ज्या जागी डेकला बोल्टने बसवलाय, तिथे खालून जादा पट्टी मारली आहे का तेही बघा. डेकला चीर जाते ती तिथूनच.

इंजिनाबद्दल लोक तासन्तास भांडतात. मला त्यात फार रस नाही. व्ही-ट्विन, म्हणजे दोन सिलिंडरचं, असावं, ऑइल फिल्टर असावा, आणि ४८ इंचांपर्यंत २१-२२ हॉर्सपॉवर पुरते. कावासाकीत एफआर घरगुती, एफएस त्याच्या वर, एफएक्स धंद्याचं, एवढं लक्षात ठेवा. कोहलर आणि ब्रिग्ज यांच्यातही अशाच पायऱ्या आहेत. तेल वेळेवर बदललं तर यातलं कुठलंही चांगलं चालतं. नाही बदललं तर कुठलंही नाही.

बॅटरीवाले बघितले. आवाज कमी, फिरवणारे पट्टे (बेल्ट) कमी, पण माझ्या बजेटमध्ये माझं सगळं गवत एका चार्जवर कापेल असा मिळेना. अर्धा एकर असेल तर जरूर बघा.

आता कंपनी कुठली? मी उलटीकडून जाते. एप्रिलच्या शेवटी यंत्र बंद पडलं तर ते कुठे न्यायचं, हे आधी ठरवा. गवत तेव्हाच सगळ्यात जोरात वाढतं आणि दुरुस्तीच्या रांगाही तेव्हाच लागतात. अर्ध्या तासाच्या आत कुठल्या कंपन्यांचे डीलर आहेत, ते स्वतः दुरुस्ती करतात का, दुसरीकडून घेतलेलं यंत्र हात लावून बघतात का, हे फोन करून विचारा. मोठ्या दुकानातला मुलगा स्वभावाने चांगला असतो, पण तो कालपर्यंत रंगाचे डबे विकत होता.

वॉरंटीही वाचा, म्हणजे खरोखर वाचा. “डेकला आजीवन” असं लिहिलं असलं तरी त्यात पट्टे, पाती, स्पिंडल येत नाहीत. काही ठिकाणी वर्षांबरोबर तासांचीही मर्यादा असते. आणि शेजाऱ्याचं गवत पैसे घेऊन कापलंत तर घरगुती वॉरंटी संपली.

दुसऱ्या वेळी मी नवा घेतलाच नाही. गवत कापायचा धंदा करणारे लोक नोव्हेंबरात जुनी यंत्रं काढतात, आणि घरोघरचे हौशी त्या वेळी मोअर झाकून ठेवून थँक्सगिव्हिंगच्या तयारीला लागलेले असतात. गिऱ्हाईक नसतं, भाव बोलता येतो. ४८ इंचांचा धंदेवाईक मोअर, मीटरवर ७४० तास, सांगितले ३४०० डॉलर. घरगुती यंत्राला एवढे तास म्हणजे म्हातारपण. धंद्याच्या यंत्राला, नीट सांभाळलं असेल तर, ऐन उमेद.

वडील खरसुंडीच्या बाजारात खिल्लार बघायचे तेव्हा आधी दात बघायचे, पण तेवढ्यावर कधी थांबले नाहीत. “चालवून दाव,” म्हणायचे. मीही तेच केलं. निघण्याआधी विकणाऱ्याला सांगितलं, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावला. गार होतं. गरम असतं तर तशीच परत फिरले असते, कारण गार असताना सुरू न होणारं इंजिन लपवायचा तो जुना उपाय आहे. सुरू होताना निळा धूर येतो का बघा. येऊन विरला तर चिंता नाही, येतच राहिला तर इंजिन तेल खातंय.

मग वीस-पंचवीस मिनिटं चालवा. विकणारा कंटाळेल, कंटाळू द्या. हायड्रोचा आजार गारपणी दिसतच नाही, तेल तापलं की दिसतो. तापल्यावर चढावर न्या, उलटं चालवून बघा. दोन्ही दांडे सारखे पुढे ढकलले आणि यंत्र एका बाजूला जाऊ लागलं, तर कधी नुसती जुळणी बिघडलेली असते; ती स्क्रूने दुरुस्त होते. पण चढावर एक चाक मागे पडत असेल आणि खालून कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तो सौदा माझ्यासारखीच्या नशिबी आधी एकदा येऊन गेलाय, तुम्ही घेऊ नका.

पाती सुरू करा आणि क्लचचा आवाज ऐका. पाती फिरत असताना सीटवरून किंचित वजन उचला, पाय फळीवरच ठेवून. इंजिन लगेच बंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर कुणीतरी वायर जोडून सुरक्षेचा स्विच निकामी केला आहे. असं करणारा माणूस तेल वेळेवर बदलत असेल यावर माझा विश्वास नाही. मग किल्ली काढून, स्पार्क प्लगच्या वायरी सोडवून, जाड हातमोजे घालून पात्याचं टोक वर-खाली हलवा. खडखडलं तर बेअरिंग गेलंय. टॉर्च घेऊन डेकखाली झोपा, पण यंत्राला खालून भक्कम टेकू दिल्याशिवाय नाही. वेल्डच्या कडा आणि स्पिंडलच्या जागा बघा. खाली ताजा काळा रंग दिसला तर विचारा, का म्हणून. रंगवलेली शिंगं ती हीच. मीटरवर २०० तास आणि पायाखालच्या फळीचा रंग पार उडालेला, असं असेल तर मीटर बदललाय. सीरियल नंबर कागदावरच्या नंबरशी जुळवा. ही यंत्रं ट्रेलरवरून चोरीला जातात.

मी बघत होते त्या मोअरच्या एका स्पिंडलमध्ये खडखड निघाली. ती विकणाऱ्याला हात लावून दाखवली, पट्ट्याच्या चिरा दाखवल्या, आणि २९०० वर सौदा झाला. बाजारातल्यासारखा रुमाल टाकून त्याखाली बोटं दाबायची सोय इथे नाही, तोंडानेच बोलावं लागलं. उरलेल्या सहाशेतून स्पिंडल, पट्टा, पाती, बॅटरी, हायड्रोचं तेल आणि फिल्टर. जुना घेणार असाल तर ही रक्कम बजेटच्या आत धरा, बाहेर नाही.

उताराबद्दल मात्र पैशाचा विचारच करू नका. बहुतेक कंपन्या १५ अंशांच्या वर जाऊ नका म्हणतात, काही १० च. १५ अंश म्हणजे दहा फुटांत जवळजवळ पावणेतीन फूट. उतारावर सरळ फळी टाकून तिच्यावर फोन ठेवला की कोन कळतो. ओल्या गवतावर मागची चाकं घसरली की दिशाही गेली आणि ब्रेकही गेला, कारण दोन्ही तिथेच. तळ्याच्या किंवा दगडी बांधाच्या काठाचा पट्टा मी आजही हाताने ढकलायच्या मोअरने कापते. यंत्र उलटलं तर वाचवणारी लोखंडी कमान मागे असेल तर ती उभी करून सीटचा पट्टा बांधा. कमान आडवी असेल तर पट्टा बांधू नका.

पेट्रोल १० टक्के इथेनॉलवालं चालतं, १५ टक्केवालं घालू नका, आणि हिवाळ्यात टाकीत तसंच सोडू नका.

पहिल्या दिवशी पाती बंद ठेवून मोकळ्या जागेत अर्धा तास नुसता फिरवा. दांडे अंगठ्या-बोटांनी धरा, मुठीने आवळलेत तर यंत्र उधळतं. आणि ओळीच्या शेवटी वळताना आतलं चाक एका जागी खिळवून गर्रकन फिरू नका, तिथलं गवत मुळासकट उपटून येतं आणि लाल माती उघडी पडते. आतल्या बैलाला आधी एक पाऊल मागे घ्यायला लावतात, तसं ते चाक थोडं उलटं घ्या, मग वळा.