बेंगलोरला खायला जाताय? या चुका टाळा

आपल्या बेळगाव, निपाणी, खानापूर भागातला माणूस बेंगलोरला सहसा कामानं जातो. कुणाचं विधानसौधातलं प्रकरण, कुणाच्या पोराची ॲडमिशन, कुणाची लेक आयटीत. मग कामाच्या फटीत ‘आलोच आहोत तर एमटीआरला जाऊन येऊ’ असं ठरतं आणि तिथूनच घोळ सुरू होतो. एमटीआर (मावळ्ळी टिफिन रूम्स) काय, विद्यार्थी भवन काय, ही खाण्याची हॉटेलं जुनी आहेत. ती स्वतःच्या वेळेनं आणि शिस्तीनं चालतात, आपल्या सोयीनं नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे वार न बघता जाणं. आपली ठरलेली पद्धत अशी, की गुरुवारी रात्री स्लीपर बस किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेस पकडायची, शुक्रवारी काम उरकायचं, शनिवार-रविवार फिरायचं आणि सोमवारी परत. आता गंमत बघा. बसवनगुडीतल्या गांधी बाजारातलं विद्यार्थी भवन शुक्रवारी बंद. शंकरपुरमचा ब्राह्मिन्स कॉफी बार रविवारी बंद. लालबाग रोडचं मूळ एमटीआर सोमवारी बंद. म्हणजे अख्ख्या लाँग वीकेंडात तिन्ही उघडी असतात तो एकच शनिवार, आणि त्या दिवशी निम्मं बेंगलोर तिथंच असतं. त्यामुळं जमत असेल तर मंगळवार ते गुरुवारमधला दिवस काढा. सणावाराला मात्र निघण्याआधी फोन करून खात्री करून घ्या.

वाराइतकीच वेळही महत्त्वाची. विद्यार्थी भवन सकाळी साडेसहाला उघडतं, दुपारी काही वेळ बंद असतं आणि मग पुन्हा सुरू होतं. पहाटे निघणारी वंदे भारत दुपारी पोचवते, म्हणजे नाश्ता गेलाच. रात्रीच्या गाडीनं आलात तर मॅजेस्टिकलाच (मुख्य रेल्वे स्टेशन आणि बसस्टँडचा भाग) तोंड धुवा आणि थेट मेट्रोची ग्रीन लाइन पकडा. नॅशनल कॉलेज हे तिसरं स्टेशन, तिथून गांधी बाजार चालत. रविवारी मेट्रो उशिरा सुरू होते, तेव्हा रिक्षा बरी. लॉजवर जाऊन आंघोळ, मग थोडं पडू, असं केलं की नऊ वाजतात आणि दारात शंभर माणसं उभी असतात.

दुसरी चूक घोळक्याची. दहा जण एकत्र बसायचं म्हणाल तर बसून राहाल, तेही बाहेर. इथं अनोळखी माणसासमोर टेबल वाटून घ्यावं लागतं आणि त्यात कुणालाच वावगं वाटत नाही. दोन-दोन, तीन-तीन करून नाव द्या, लवकर आत जाल. आत गेलात की वाढप्याकडे बघा. एका हातावर डोशांच्या डझनभर ताटल्यांची उतरंड रचून तो गर्दीतून सरळ चालत येतो आणि एकेक ताटली पत्ते वाटल्यासारखी टेबलावर सोडतो. त्या वेळी मधेच उठून फोटो काढायला उभे राहू नका, एवढीच विनंती.

मल्लेश्वरमच्या सीटीआरला जाणाऱ्यांची फजिती वेगळीच. पाटीवर ‘श्री सागर’ लिहिलेलं असतं, म्हणून लोक पुढं निघून जातात. सेंट्रल टिफिन रूम ते हेच. आणि हे शहराच्या दुसऱ्या अंगाला आहे. बसवनगुडी मॅजेस्टिकच्या दक्षिणेला, मल्लेश्वरम उत्तरेला. दोन्ही एका सकाळीत कोंबायचा बेत करणारे काका मला दर वर्षी भेटतात. त्यांचं पोट दुपारपर्यंत संपावर गेलेलं असतं.

आता मागवण्याबद्दल. आपल्याकडे लोणी डोसा म्हटलं की दावणगिरीचा, पांढरट, मऊ, वर लोण्याचा गोळा. तोच डोळ्यासमोर ठेवून इथं बेण्णे मसाले (लोणी मसाला डोसा) मागवला की तोंड वाकडं होतं. बेंगलोरचा डोसा जाड, बाहेरून तांबूस-कुरकुरीत आणि आतून मऊ. तो वेगळा पदार्थ आहे असं समजूनच खा. खाराभात म्हणजे भाजी घातलेला उपमा, केसरीभात म्हणजे शिरा. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर ‘चौचौभात’ म्हणा, एकाच ताटलीत दोन्ही येतात. नाव वाचून भाताची वाट बघत बसू नका. सांबार गोडसर लागलं तर तक्रार करू नका. तिकडे गुळाचा हात सैल असतो.

आणि ब्राह्मिन्समध्ये सांबार मागूच नका, तिथं ते मिळतच नाही. १९६५ पासून मोजकेच पदार्थ. इडली-वडा आणि वर हवी तेवढी चटणी. बसायला जागा नाही, फुटपाथवर उभं राहून खायचं. माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यानं सुरुवात इथूनच करावी. खर्च कमी, वेळ कमी, आणि पुढच्या हॉटेलासाठी पोटात जागा उरते.

कॉफी दोघांत एक चालते. ‘बाय-टू’ म्हटलं की दोन पेल्यांत येते. साखर आधीच घातलेली असते, कमी हवी असेल तर ‘सक्करे कडिमे’ असं आधीच सांगा. आणि हिंदीत कशाला सुरू करता? आपल्याला येतं तेवढं कन्नड पुरेसं आहे. ‘ओंदु मसाले दोसे, एरडु कॉफी’ एवढं बोललात तरी काम होतं. आपल्याकडच्या कन्नडचं ‘बर्री-होग्री’ (या-जा) ऐकून वाढपी हसेल, पण मग दोन शब्द जास्त बोलेल.

एमटीआरबद्दल एक गैरसमज घरोघरी आहे. पाकिटातली रवा इडली खाल्ली म्हणजे एमटीआर खाल्लं, असं लोक धरून चालतात. हॉटेल १९२४ चं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली त्यांनी काढली. आणीबाणीत सरकारनं दर इतके खाली आणले की त्या भावात तसं जेवण देणं परवडेना, म्हणून हॉटेल बंद करून तयार पिठांचा धंदा वाढवला. तो पाकिटांचा धंदा २००७ मध्ये ऑर्कला या नॉर्वेच्या कंपनीनं घेतला. हॉटेल घरच्यांकडेच राहिलं. तेव्हा रवा इडली तिथंच बसून, सोबतचं तूप वर ओतून खा. तिथलं दुपारचं जेवण मोठं असतं. एकामागून एक पदार्थ येत राहतात. त्याला निदान तासभर आणि रिकामं पोट लागतं. सकाळी तिथंच डोसा आणि दुपारी पुन्हा जेवण असं करू नका.

रात्री लेक-जावई कुठल्या बड्या हॉटेलात नेणार असतील तर टेबल आधी बुक करा आणि बिलाकडे नीट बघा. साध्या रेस्टॉरंटात जीएसटी ५ टक्के. ज्या हॉटेलातल्या खोलीचं भाडं साडेसात हजारांच्या वर, तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. दारूवर जीएसटी नसून राज्याचा कर असतो. खाली ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ दिसली तर तो कर नव्हे, हॉटेलनं लावलेली रक्कम. ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ मध्येच सांगितलंय की ती बिलात आपोआप लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. ‘हे काढा’ असं शांतपणे सांगा. बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. नाहीच ऐकलं तर बिल जपून ठेवा आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.