गणपतीचं मंडळ पुढच्या वर्षीही उभं राहावं, तर

मखर कसं सजवावं आणि मोदकाला किती कळ्या पाडाव्यात हे सांगणारे ढिगाने आहेत. मी सांगतोय ते वेगळं. पगारी माणूस एकही नाही, सगळे हौशी, अशा कॉलनीतला दहा दिवसांचा गणपती वर्षानुवर्षं चालवायचा कसा? इंदूरच्या आमच्या कॉलनीत मी हे एकोणीस वर्षं करतोय. त्यातली पहिली अकरा चुकीच्या पद्धतीने केली.

हिशेब

विसर्जनानंतरच्या पहिल्याच रविवारी बसा. "पितृपक्ष आहे, नंतर बघू" म्हणणारा एक जण असतोच. त्याचं ऐकू नका. हिशेब हे काही शुभकार्य नव्हे. नंतर नवरात्र येतं, मग दिवाळी, आणि टेंटवाल्याला नक्की किती दिले हे कुणालाच आठवत नाही. पोहे-जलेबी मागवा, पावत्या मांडा, तासाभरात उठा.

वर्गणी

जोडीने जा, पावती तिथेच फाडा, क्यूआर कोड मंडळाच्या खात्याचाच ठेवा. झालं.

पैशाअभावी मंडळं बंद पडतात असं जो म्हणेल त्याला अनंत चतुर्दशीच्या रात्री इथल्या राजवाड्यावर, मिरवणूक बघायला उभं करा. इंदूरची कापड गिरणी हुकुमचंद मिल डिसेंबर 1991 मध्ये बंद पडली. कामगारांच्या हक्काच्या पैशांना 2023 चा डिसेंबर उजाडला. मधली सगळी वर्षं भोंगा वाजला नाही, पण कोरोनाची दोन वर्षं सोडली तर मिलची झांकी, म्हणजे मिरवणुकीतला रोषणाईचा फिरता देखावा, निघत राहिली. महापालिकेची मदत असते, देणग्या असतात, मान्य. पण झांकी बांधायला हात लागतात, आणि ते हात लोकांनी जपले.

माणसं मागणं

इथे मी आपटलो. बाराव्या वर्षी चतुर्थीच्या आठवडाभर आधी मला डेंग्यू झाला. टेंटवाल्याशी झालेलं बोलणं माझ्या डोक्यात, मूर्तीच्या आगाऊ रकमेची पावती माझ्या शर्टाच्या खिशात आणि शर्ट धोब्याकडे. पोरं तीन मूर्तिकारांकडे फिरली. मध्यान्ह टळत आली, दीड वाजला, तेव्हा मूर्ती मांडवात आली. भेटायला आलेले सगळे म्हणाले, "भाऊ, तुमच्याशिवाय पान हलत नाही." आधी बरं वाटलं. रात्री मात्र झोप लागली नाही.

पहिला सल्ला मिळतो तो असा: "ग्रुपवर टाका, इच्छुकांनी नावं द्यावीत." मीही टाकलं होतं. सव्वीस अंगठे आले, माणूस एक. तोही दरवर्षीचाच. सगळ्यांना मिळून विचारलं की ते कुणालाच विचारलेलं नसतं. घरी जा, चहा घ्या, नाव घेऊन विचारा, आणि काम एवढंसंच मागा: "पहिले तीन दिवस, संध्याकाळी सव्वासात ते आठ, आरतीची तबकं लावायची. चौथ्या दिवशी दुसरं कुणी." काम कधी संपणार हे आधीच कळलं की माणूस हो म्हणतो. "जरा मंडळात लक्ष घाला" याला शहाणा माणूस नाहीच म्हणणार.

मागच्या वर्षी आला तो यंदाही येईल, हे धरून चालू नका. 2025 ला चतुर्थी 27 ऑगस्टला होती. 2026 ला अधिक ज्येष्ठामुळे ती 14 सप्टेंबरला सरकते. सप्टेंबरात मुलांच्या तिमाही परीक्षा, म्हणजे पोरं गेली आणि त्यांच्या आयाही गेल्या. कॅलेंडर आलं की आधी हे बघा.

पुण्या-बंगळुरूला नोकरीला गेलेल्यांना मांडव बांधायला बोलावू नका, ते शेवटच्या शनिवार-रविवारीच येणार. त्यांच्याकडे खात्याचा हिशेब द्या, तो तिथूनही होतो. आणि अध्यक्ष, सचिव, खजिनदार सगळे पुरुष, पण महाप्रसादाच्या पुऱ्या लाटायला दरवर्षी त्याच चार काकू, हे आता थांबवा. आमच्याकडे त्या चौघींनी एका वर्षी सरळ हात वर केले. बरोबर केलं. शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरांनाही विचारा. आरत्यांची छापील पानं हातात दिली की ती मंडळी आपल्यापेक्षा खणखणीत म्हणतात, लिपी तर तीच आहे.

आता सगळ्यात अवघड भाग: काम दिल्यावर हात मागे घ्या. एका वर्षी दहावीतल्या एका पोराने कमानीला दिव्यांच्या माळा लावल्या. तिरक्या. डावीकडे दाट, उजवीकडे विरळ. रात्री अकराला मी स्टुलावर चढून त्या सगळ्या सोडवल्या आणि सरळ लावल्या. सकाळी तो आला, कमानीकडे बघितलं, काही न बोलता सायकल वळवली. पुढची दोन वर्षं तो आरतीलाही आला नाही. माळा तिरक्या राहिल्या असत्या तर गणपतीचं काय बिघडणार होतं? तेव्हापासून माझं स्टूल माळ्यावर आहे.

बाकीचं

शाडूची मूर्ती हवी तर आषाढातच सांगून ठेवा. पावसाळी हवेत माती वाळत नाही आणि घाईत वाळवलेली मूर्ती तडकते. पोलीस ठाण्याची आणि तात्पुरत्या विजेची परवानगी पंधरा दिवस आधी. लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, यावर वाद घालू नका.

वही

दोनशे पानी, पुठ्ठ्याची. जो काम करेल त्याने त्याच रात्री आपल्या हाताने लिहायचं. मोबाइलमध्ये नको, फोन बदलला की सगळं जातं. आमच्या वहीतली एक नोंद: "महाप्रसाद, दीडशे पानं. तांदूळ 12 किलो आणले, 2 उरले. शिऱ्याला रवा 5 किलो, पुरला. पत्रावळी कमी पडल्या, 200 आणा. शेगडीवाला उशिरा येतो, त्याला चारची वेळ सांगा म्हणजे पाचला येईल." खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलंय: "साडेपाचला आला."

वही अध्यक्षाच्या घरी ठेवायची नाही, माझ्या तर नाहीच. ती मंडळाच्या पत्र्याच्या पेटीत असते, समई आणि झांजांच्या खाली. किल्ल्या दोन. एक कोपऱ्यावरच्या काकूंकडे, दुसरी त्या सायकलवाल्या पोराकडे. तो आता कॉलेजात आहे, आणि माळा अजून तिरक्याच लावतो.