दुकानदाराला आमदार व्हायचंय? आधी दुकानाचे कागद बघा

हार्डवेअर असो, किराणा असो नाहीतर मंडप डेकोरेशन, गावात पंधरा-वीस वर्षं धंदा केलेल्या माणसाला कधीतरी कुणीतरी म्हणतंच की शेठ आता तुम्ही उभे राहा, आणि मग ते डोक्यातून जात नाही. वावगं काहीच नाही त्यात. छगन भुजबळ भायखळ्याच्या बाजारात भाजी विकायचे, एकनाथ शिंदे ठाण्यात रिक्षा चालवायचे. पण मधली वर्षं लोक विसरतात, भुजबळ १९७३ला नगरसेवक झाले आणि आमदार १९८५ला, शिंदे १९९७ला नगरसेवक आणि २००४ला आमदार. थेट गल्ल्यावरून उठून विधानसभेत नाही गेले कोणी दोघांतले.

म्हणून सुरुवात खालून करा. नगरपालिका, झेडपी, किंवा अडत दुकान असेल तर बाजार समिती, तिथे १८ संचालकांत २ जागा व्यापारी-अडत्यांच्या असतात आणि ही निवडणूक म्हणजे आपल्याच लाईनमधल्या लोकांची मतं, त्यामुळे आपली खरी पत किती ते तिथेच कळतं. नगरपालिकेला वय २१ चालतं पण १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं असेल तर अपात्र. विधानसभेला ही अटच नाही, तिथे वय २५ पूर्ण आणि राज्यातल्या कुठल्याही मतदारसंघात मतदार यादीत नाव पाहिजे. गंमतच आहे, नगरसेवकाला जास्त कडक नियम.

आता दुकानदार जिथे हमखास अडकतो ते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ. राज्य सरकारला माल पुरवायचं किंवा सरकारी काम करायचं कंत्राट तुमच्या नावावर चालू असेल तर तुम्ही आमदारकीला अपात्र. पीडब्ल्यूडीचं छोटं काम घेतलंय, सरकारी हॉस्टेलला किराणा देताय, असलं काहीही असेल तर वकिलाला आत्ताच दाखवा, फॉर्म भरायच्या आदल्या रात्री नको. दिलासा एवढाच की तुमच्या बाजूने काम पूर्ण झालंय आणि फक्त बिल अडकलंय तर ते कंत्राट चालू धरत नाहीत, मात्र काम पूर्ण झाल्याचा कागद हातात ठेवा कारण छाननीला विरोधक नेमकं हेच काढतात. नगरपालिकेच्या कंत्राटात हितसंबंध असेल तर नगरसेवकपदालाही तेच लागू.

मग उमेदवारी अर्जासोबतचं फॉर्म २६चं अ‍ॅफिडेव्हिट. त्यात तुमचं आणि बायकोचं मागच्या पाच वर्षांच्या रिटर्नमधलं उत्पन्न, जमीन, सोनं, बँकेचं कर्ज, सरकारी थकबाकी, केसेस सगळं येतं आणि ते ऑनलाइन सगळ्या जगाला दिसतं. रिटर्नमध्ये तीन लाख दाखवलेत आणि दारात फॉर्च्युनर उभी आहे तर प्रश्न येणारच. सीएला आधीच बसवा. आणि उधारी वसूल करायची असेल तर वर्षभर आधी करा, निवडणुकीच्या तोंडावर वही काढलीत तर मतंही जातील आणि पैसेही.

विधानसभेला उमेदवाराच्या खर्चाची मर्यादा ४० लाख आहे, खरा खर्च किती होतो ते सगळ्यांना माहितीय, त्यावर मी काय बोलू. पण हिशेब ठेवण्यात दुकानदार पुढारी लोकांपेक्षा चांगला असतो हे मी बघितलंय. निवडणुकीची खर्च वही म्हणजे आपला रोजमेळच, पांढऱ्या पानांवर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँक. फॉर्म भरायच्या निदान एक दिवस आधी वेगळं बँक खातं उघडायचं, एकाच पार्टीला दहा हजारांवर रोख द्यायची नाही. मंडप स्वतःच्याच गोडाऊनमधला असला तरी दरपत्रकाप्रमाणे त्याचा खर्च धरतात, "घरचाच आहे साहेब" चालत नाही. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्या, नाही दिला आणि पटेल असं कारणही नसेल तर तीन वर्षं निवडणूक लढवता येणार नाही.

डिपॉझिट १० हजार, एससी-एसटीला ५ हजार, वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं पडली नाहीत तर गेलं. मान्यताप्राप्त पक्षाचं तिकीट असेल तर एक सूचक, म्हणजे अर्जावर सही करणारा त्याच मतदारसंघातला मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि अकरा-बारा सह्या घेऊन ठेवा कारण एखाद्याचं नाव दुसऱ्या मतदारसंघात निघतंच. एबी फॉर्म, म्हणजे तुम्ही पक्षाचे अधिकृत उमेदवार आहात असा पक्षाचा कागद, अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. नेत्याने फोनवर दिलेला शब्द म्हणजे एबी फॉर्म नव्हे.

निवडून आलात तर दुकान बंद करायची सक्ती नाही, पण काउंटरवर मुलाला किंवा भावाला बसवा कारण तुम्ही बसलात की ग्राहक कमी आणि बदलीचे अर्ज घेऊन येणारेच जास्त. अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. नवीन आमदाराने भाषणापेक्षा तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतो) आणि लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लिहायला शिकावं, प्रश्न मुदतीत जायला लागतो, आणि बाजारपेठेतला रस्ता, जीएसटीचा त्रास, एमआयडीसीतली वीज ह्यावर तुमच्याएवढं नेमकं विचारणारा सभागृहात क्वचितच असतो.