ध्रुवीय अस्वलांवरील संकटे मुलांना कशी समजावून सांगावीत

बोलण्याची सुरुवात ऐरोलीजवळच्या ठाणे खाडीपासून करावी. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलावर फ्लेमिंगो जसे पोट भरतात, तसेच ध्रुवीय अस्वल गोठलेल्या समुद्रावर उभे राहून सील हा समुद्री प्राणी पकडते. बर्फच नसेल तर सील त्याच्या हाती लागणे फार कठीण होते, हे खाडी पाहिलेल्या मुलांना चटकन उमगते.

बोलायला सुरुवात करतानाच पाण्याने भरलेल्या परातीत बर्फाची लादी ठेवून तिच्यावर कागदी अस्वल उभे करावे.

माणसांनी केलेल्या अस्वलांच्या शिकारीचा भाग सांगताना घाई करू नये. सोव्हिएत संघाने १९५६ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि १९७३ मध्ये कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे, अमेरिका व सोव्हिएत संघ या पाच देशांनी संरक्षणाचा करार केला. कॅनडा व ग्रीनलँडमधील इनुइट हा तिथला मूळ रहिवासी समाज आजही ठरावीक मर्यादेत शिकार करतो. ती त्यांच्या अन्नाशी व परंपरेशी जोडलेली असल्याने त्यांना गुन्हेगार ठरवणे मला अन्यायाचे वाटते, आणि मुलांना हे स्पष्टपणे सांगावे.

जगात सुमारे २६,००० ध्रुवीय अस्वले असल्याचा अंदाज आहे. त्यांच्यावरील सर्वांत मोठे संकट तापमानवाढीचे आहे: कॅनडातील हडसन उपसागराच्या पश्चिम भागात बर्फ लवकर फुटतो व उशिरा गोठतो, त्यामुळे अस्वलांचा उपवास लांबतो, माद्या रोडावतात आणि पिल्ले कमी जगतात. सीलच्या चरबीतून शरीरात साठणारी विषारी रसायने, तेलगळती व जहाजवाहतूक यांचा उल्लेख थोडक्यात करावा.

एव्हाना परातीतील लादी पातळ झालेली असेल. ती मुलांना जवळून पाहू द्यावी.