फ्रिज थंड होत नाही? गॅस भरण्याआधी फ्रीझरच्या मागे बघा

फ्रिजचा थंडावा कमी झाला की सगळीकडून एकच सल्ला येतो: "गॅस गेला असेल, भरून घ्या." या सल्ल्याची मला मनापासून चीड आहे. फ्रिजमधला गॅस वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला नवा गॅसही त्याच वाटेने निघून जातो. शिवाय गॅसपर्यंत जाण्याआधी घरच्या घरी तपासता येईल असं बरंच काही असतं.

आधी तापमान मोजा. हात लावून केलेला अंदाज धरू नका. पाण्याने भरलेल्या ग्लासात थर्मामीटर घालून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा (तापाचा थर्मामीटर इथे कामाचा नाही). सकाळी 3 ते 5 अंश सेल्सिअस दिसायला हवं. फ्रीझरमध्ये उणे 18 च्या आसपास.

दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला तर रबर साबणाच्या पाण्याने पुसा, दुमडलं असेल तर कोमट पाण्याच्या फडक्याने शेकून सरळ करा. मागची किंवा खालची, उष्णता बाहेर टाकणारी कॉइल धुळीने माखली असेल तर प्लग काढून ब्रशने साफ करा. मागे कॉइल दिसत नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांच्या आत आहे. ते पत्रे गरम लागतात, तो बिघाड नव्हे. फक्त भिंतीपासून जागा सोडा. आतल्या हवेच्या जाळ्यांसमोर डबे रचले असतील तर हलवा.

हे सगळं ठीक असेल तर आता एका प्रश्नाचं उत्तर नीट द्या, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दोन्ही कप्पे गरम आहेत, की फ्रीझर बऱ्यापैकी थंड आणि फक्त खालचा कप्पा गरम?

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये दुसरा प्रकार फार आढळतो, आणि गॅसचं खोटं निदानही इथेच सर्रास होतं. या फ्रिजमध्ये थंड करणारी कॉइल साधारणपणे एकच असते, फ्रीझरच्या मागच्या प्लास्टिकच्या पॅनेलआड. एक पंखा तिच्यावरून हवा ओढतो आणि त्यातली थोडी खाली पाठवतो. कॉइलवर बर्फ धरतोच; तो वितळवायला एक हीटर ठरावीक वेळाने आपोआप चालू होतो. यालाच डीफ्रॉस्ट म्हणतात. हीटर, त्याचा बायमेटल (तापमानानुसार जुळणारा-उघडणारा छोटा स्विच) किंवा सेन्सर, टायमर किंवा कंट्रोल बोर्ड यातलं काहीही बिघडलं की बर्फ साचत जातो आणि हवेची वाट बुजते. फ्रीझर कॉइलला चिकटून असल्यामुळे तग धरतो, खालचा कप्पा मात्र तापत जातो. गॅस पूर्ण भरलेला असतानाही हे घडतं.

फ्रीझरच्या मागच्या पॅनेलवर आतून बर्फाचा थर दिसतो का, ते बघा. मग दाराचं बटण बोटाने दाबून धरा आणि कान द्या. पंख्याचा आवाज नसेल किंवा पाती बर्फाला घासत असतील तर दिशा मिळाली. डीफ्रॉस्ट चालू असताना पंखा बंदच असतो, म्हणून अर्ध्या तासाने पुन्हा ऐका. बर्फ कुठेच नाही आणि तरीही पंखा गप्प, तर पंखाच तपासून घ्या.

बर्फ असेल तर फ्रिज रिकामा करा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवा, खाली जुने टॉवेल पसरा आणि पूर्ण 24 तास हात लावू नका. चार-पाच तासांत पॅनेल कोरडं दिसतं. पण कॉइलच्या पात्यांमध्ये खोलवर बर्फ तसाच असतो. घाईने सुरू केलेला फ्रिज दोन दिवसांत पुन्हा बसतो आणि मग "बर्फ काढूनही फरक नाही, म्हणजे गॅसच" असा निकाल लागतो. घाई असेल तर फ्रीझरमध्ये गरम पाण्याचं पातेलं ठेवा. सुरी, स्क्रूड्रायव्हर किंवा टोकदार काहीही बर्फाला लावू नका! कॉइलची नळी ॲल्युमिनियमची आणि पातळ असते. एक टोचा पुरतो, आणि नव्या फ्रिजमधला आर-600ए गॅस ज्वलनशील आहे.

सुरू केल्यावर एक दिवस वाट पाहून पुन्हा मोजा. खालचा कप्पा व्यवस्थित थंड झाला आणि काही दिवसांनी तीच रड परत आली, तर डीफ्रॉस्टचा बिघाड आहे यात शंका ठेवू नका. परत आलीच नाही, तर दार अर्धवट उघडं राहिलं असण्याची शक्यता मोठी.

मेकॅनिक पॅनेल उघडेल तेव्हा समोर उभे राहा आणि कॉइलकडे बघा. ही खूण ओळखायला मला बराच काळ लागला, पण तिच्याइतकी भरवशाची दुसरी खूण मला माहीत नाही. बर्फ सगळ्या वळणांवर सारखा पसरलेला असेल तर गॅस ठीक आहे. सुरुवातीच्या एक-दोन वळणांवरच बर्फ आणि बाकीची कॉइल कोरडी असेल, तरच गळतीचा किंवा नळी तुंबल्याचा संशय घ्या. आणखी एक फसगत बायमेटलची. त्याचे संपर्क थंडीत जुळतात आणि उबेत उघडतात. साध्या तापमानाला मल्टीमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावला की तो "तुटलेला" दिसतो आणि चांगला भाग बदलला जातो. आधी बर्फात गार करून मग मोजायला सांगा.

एका दाराच्या साध्या फ्रिजमध्ये ही भानगड नाही. बर्फ अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा.

दोन्ही कप्पे गरम असतील तर कॉम्प्रेसर ऐका. थोडा घुमून "टक्" करून बंद पडतो आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच, असं असेल तर विजेचा दाब आणि रिले आधी तपासून घ्या. रिले हा कॉम्प्रेसर सुरू करून देणारा छोटा, सहज बदलता येणारा भाग आहे. प्लग काढल्यावर लगेच पुन्हा लावू नका, नळ्यांमधला दाब समान व्हायला पाच मिनिटं तरी द्या.

कॉम्प्रेसर अखंड चालतो, बाहेरची कॉइल जेमतेम कोमट, आत थंडावा नाही: आता गॅसचा विषय काढा. तेव्हाही चार गोष्टी करून घ्या. गळती शोधून बुजवणं, फिल्टर-ड्रायर (नळ्यांमधली ओल आणि कचरा अडवणारा भाग) बदलणं, व्हॅक्यूम करणं (नळ्यांमधली हवा आणि ओल ओढून काढणं) आणि गॅस वजन करून भरणं. घरगुती फ्रिजमध्ये आर-600ए दीडशे ग्रॅमच्या आतच असतो, त्यामुळे थोडी चूकही थंडाव्यावर दिसते. वजनकाटा न आणता अंदाजाने भरू पाहणाऱ्याला काम देऊ नका.