टूसॉनच्या वाळवंटात दुपारच्या वादळाचा अंदाज कसा बांधावा

ॲरिझोनातील सोनोरन वाळवंटाचा मान्सून स्वभावाने आपल्या वळवाच्या पावसासारखा असतो: सकाळ लख्ख, दुपारी डोंगरावर ढग आणि संध्याकाळी एका वस्तीत धो-धो पाऊस, तर शेजारच्या वस्तीत नुसती धूळ. अमेरिकेची राष्ट्रीय हवामान सेवा १५ जून ते ३० सप्टेंबर हा काळ मान्सूनचा धरते. पूर्वी मात्र टूसॉन शहरात दवबिंदूची (हवा जितकी थंड झाली की दव पडू लागते त्या तापमानाची; बाष्प जास्त तर तो जास्त) दैनिक सरासरी सलग तीन दिवस किमान ५४ अंश फॅरेनहाइट राहिली, तरच मान्सून आला असे मानत. ती पद्धत २००८ मध्ये सोडली गेली, तरी अंदाजाची सुरुवात आजही बाष्पापासूनच करावी.

केवळ जमिनीलगतच्या दवबिंदूवर विसंबू नये. बाष्पाचा थर पातळ असेल, तर ऊन तापताच तो वरच्या कोरड्या हवेत मिसळून जातो आणि सकाळचा दमटपणा दुपारपर्यंत नाहीसा होतो. म्हणून पहाटे सोडलेल्या हवामान-फुग्याच्या नोंदीत संपूर्ण वातावरणस्तंभातील बाष्प किती आहे ते पाहावे. ते साधारण २५ मिलिमीटरच्या वर असल्यास आशा धरायला हरकत नाही. रात्रीतून ॲरिझोनाच्या नैर्ऋत्य टोकावरच्या युमाकडे दक्षिणेचा वारा सुटून दवबिंदू चढला असेल, तर कॅलिफोर्नियाच्या आखातातून ताजे बाष्प येत आहे असे समजावे.

त्यानंतर वरच्या हवेतील वारा पाहावा. उच्च दाबाचे केंद्र ॲरिझोना, न्यू मेक्सिको, कोलोरॅडो आणि युटा यांच्या सीमा मिळतात त्या परिसरात असेल, तर पूर्वेचा किंवा आग्नेयेचा वारा डोंगरावरची वादळे शहराकडे ढकलतो. कोरडा नैर्ऋत्य वारा सुरू झाला की बाष्प पूर्वेकडे हटते. आदल्या रात्रीचे ढग सकाळीही रेंगाळत असतील, तर जमीन तापत नाही आणि भरपूर बाष्प असूनही दिवस वाया जाऊ शकतो. नवख्यांचा अंदाज बहुधा इथेच चुकतो.

दुपारी टूसॉनच्या उत्तरेकडील सांता कॅटालिना डोंगरावर नजर ठेवावी. ढग लवकर उंच चढू लागले, तर लक्षण चांगले. ढगाखाली लोंबणाऱ्या पावसाच्या झालरी जमिनीपर्यंत पोहोचत नसतील, तर वाऱ्यासाठी तयार राहावे, कारण कोरड्या हवेत विरणारे थेंब तिला थंड व जड करतात आणि ती वेगाने खाली कोसळून दूरवर पसरते. तिच्या कडेवर नवी वादळे उठतात, तसेच धुळीची भिंतही. फीनिक्सवर ५ जुलै २०११ रोजी आलेला प्रचंड हबूब, म्हणजे धुळीचे वादळ, अशाच वाऱ्यांनी उठवला होता.

‘३० टक्के शक्यता’ याचा अर्थ तुमच्या अंगणात पाऊस पडण्याची तेवढी शक्यता, इतकाच घ्यावा. संपूर्ण हंगामाबाबत तर अधिकच सावध राहावे: टूसॉनला २०२० मध्ये १.६२ इंच पाऊस झाला आणि पुढच्याच वर्षी १२.७९ इंच.

आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असले, तरी रडारवर डोंगरात जोरदार पाऊस दिसत असेल, तर कोरड्या ओढ्यात उतरू नये. अडथळे ओलांडून पुराच्या पाण्यात गाडी घालणाऱ्याकडून ॲरिझोनाच्या कायद्यानुसार सुटकेचा खर्च वसूल करता येतो.