डाइव्ह कॉम्प्युटर वापरताय? या चुका टाळा

डाइव्ह कॉम्प्युटर म्हणजे स्कूबा डाइव्हिंग करताना मनगटावर घालायचं, खोली आणि वेळेचा हिशेब ठेवणारं यंत्र. दोघांत मिळून एकच कॉम्प्युटर घेऊन उतरणं ही सगळ्यात मोठी चूक. खोल पाण्यात श्वासातून शरीरात साठत जाणारा नायट्रोजन कॉम्प्युटर मोजत नाही. तो फक्त स्वतःवर पडणारा पाण्याचा दाब आणि वेळ बघतो, त्यावरून अंदाज बांधतो. तुम्ही २२ मीटरवर आणि बडी (जोडीचा डायव्हर) १८ मीटरवर असेल, तर दोघांचा हिशेब वेगळा. गाइडच्या मनगटावर आहे म्हणून आपल्याला नको, हेही चुकीचंच. आणि पहिल्या डाइव्हला वापरलेलाच दुसऱ्या डाइव्हलाही घाला. नव्या कॉम्प्युटरला सकाळच्या डाइव्हचा पत्ताच नसतो.

‘एनडीएल’ म्हणजे डेको स्टॉप (साठलेला नायट्रोजन निघून जावा म्हणून वर येताना घ्यावाच लागणारा थांबा) न घेता वर येता येईल असा उरलेला वेळ. अंदमानातल्या खोल पॉइंटवर ३० मीटरला हा आकडा बघता बघता उतरतो: १२, ८, ४. तो शून्याला टेकेपर्यंत खाली रेंगाळू नका. बहुतेक कॉम्प्युटर शरीरात किती नायट्रोजन साठला याचा अंदाज बांधणाऱ्या बुलमनच्या मॉडेलवर किंवा तशाच गणितावर चालतात. त्या गणितात तुमची अपुरी झोप, पोटात न गेलेलं पाणी, वाढतं वय यांना जागा नाही. सेटिंग एक पायरी सावध ठेवा आणि ५ मिनिटं शिल्लक असतानाच वर सरकायला लागा. डेको लागलाच तर वर पळू नका. स्क्रीनवर थांबण्याची खोली आणि मिनिटं दिसतात. सावकाश तिथे या आणि आकडा मिटेपर्यंत त्याच्या वर जाऊ नका.

वर येताना वेग जास्त झाला की वाजणारी बीप अनेकजण दुर्लक्षित करतात, तेही नेमकं शेवटच्या टप्प्यात. १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना दाब थेट निम्मा होतो, म्हणून सगळ्यात सावकाश तिथेच यायचं. मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त वेग नको, आणि ५ मीटरवर ३ मिनिटं थांबा, हाच सेफ्टी स्टॉप.

नायट्रॉक्सचं (साध्या हवेपेक्षा जास्त ऑक्सिजन असलेल्या मिश्रणाचं) सेटिंग दर वेळी टँक तपासून भरा. टँकमध्ये साधी हवा आणि कॉम्प्युटरवर ३२ टक्के ऑक्सिजन असेल, तर तो खोटा, लांबलेला वेळ दाखवेल. उलट झालं, तर ज्याच्या खाली ऑक्सिजनच घातक ठरू शकतो ती ३३ मीटरच्या आसपासची मर्यादा तो सांगणारच नाही.

कॉम्प्युटर पाण्यात बंद पडला तर डाइव्ह तिथेच संपली. बडीला खूण करा, सावकाश वर या, सेफ्टी स्टॉप घ्या आणि पुढचे २४ तास उतरू नका.

आपल्याकडे ज्याकडे कुणी लक्ष देत नाही, ती चूक पाण्याबाहेरची आहे. विमानाआधी एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास थांबायचं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मालवण किंवा गोव्यात दुपारी डाइव्ह करून संध्याकाळी गाडीने घाट चढणारे कितीतरी आहेत. उंचीवर हवेचा दाब कमी असतो. आंबोली सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे आणि विमानाआधीच्या थांब्याचा हिशेब ६०० मीटरच्या वरच्या उंचीलाही लागू होतो. त्यामुळे स्क्रीनवर ‘नो फ्लाय’ दिसत असेल तर रात्रीचा मुक्काम कोकणातच करा, घाट दुसऱ्या दिवशी.

डाइव्हनंतर सांधा दुखायला लागला, हातापायाला मुंग्या आल्या, विचित्र थकवा आला, तर कॉम्प्युटरने सगळं ठीक दाखवलं असलं तरी १०० टक्के ऑक्सिजन लावा आणि डॉक्टरांना डाइव्ह केल्याचं सांगा. दुखणं जाईल म्हणून पुन्हा पाण्यात उतरू नका.